कुलूप ओढून पाहावे

घराबाहेर पडताना दाराला कुलूप घातले, की ते एकदा खाली ओढून पाहण्याची सवय आपल्याकडे बहुतेकांना असते. किल्ली फिरल्याचा आवाज ऐकलेला असतो, किल्ली हातात असते. तरीही हात आपोआप कुलपाकडे जातो. या ओढून पाहण्यात कुलूप करणाऱ्या कारागिराचा अपमान नसतो, की आपल्या मनाचा दुबळेपणाही नसतो. ते केवळ शहाणपण असते. मोबाइलच्या आणि संगणकाच्या जगात वावरताना मात्र ही सवय आपण उंबरठ्याच्या आतच ठेवून निघतो, असे मला वाटते. त्याविषयी विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या पालकांशी दोन शब्द बोलावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक घरची आठवण सांगते. आम्ही मूळचे कारवारकडचे. घरात कोंकणी बोलतो. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी या भाषा रस्तोरस्ती ऐकू येतात, परंतु कोंकणी ऐकू येण्याचा प्रसंग विरळा. त्यामुळे चारचौघांत काही खासगी बोलायचे झाले, की आमच्या घरची माणसे खुशाल कोंकणीतून बोलत. मी दहा-अकरा वर्षांची असताना आम्ही एका लग्नाला गावी निघालो होतो. आगगाडीच्या डब्यात आई आणि मावशी यांचे बोलणे चालले होते: बांगड्या कोणत्या पिशवीत ठेवल्या, पाटल्या कोणत्या डब्यात, रात्री कोणी जागायचे. समोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून बसले होते. पहाटे उतरताना ते आईपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "बाये, भांगर खंय आसा तें सांगूं नाका." बाई, सोने कोठे आहे ते सांगू नका! आईचा चेहरा क्षणात पांढरा पडला. गृहस्थ सज्जन होते म्हणून निभावले.

त्या प्रसंगातले मर्म मला पुष्कळ वर्षांनी कळले. आई जर मराठीत बोलत असती, तर तिने सोन्याचे नावही काढले नसते. आपले बोलणे कोणाला कळत नाही या समजुतीनेच ती इतके मोकळे बोलली. उघड्यावर आहोत हे ज्याला ठाऊक असते तो जपून वागतो. झाकले गेलो आहोत असे ज्याला खोटेच वाटते तो गाफील राहतो. म्हणून आडोसा नसण्यापेक्षा आडोशाचा भ्रम अधिक घातक असतो.

हे सारे आठवण्याचे कारण गेल्या पावसाळ्यात घडले. माझा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन आमच्या घरी आला. वडील लहानशा दुकानात हिशेबनीस. मुलाने त्यांच्या मोबाइलवर एक मोफत व्हीपीएन घातले होते आणि "आता कोठेही, कोणत्याही वायफायवरून काहीही पाठवा, कोणाला दिसणार नाही," असे सांगितले होते. वडिलांनी मुलाच्या शब्दावर विसंबून एका स्थानकावरील सार्वजनिक वायफायवरून आधार कार्डाचे आणि बँकेच्या पासबुकाचे छायाचित्र कोणा मध्यस्थाला पाठवले. मागाहून मनाला टोचणी लागली. "बाई, पडद्यावर किल्लीचे चित्र दिसत होते हो. मग सुरक्षितच ना?" असे त्यांनी मला विचारले.

मी कलाशाखेची पदवीधर. यंत्रविद्येत माझी गती बेताचीच. तथापि प्रश्न इतका साधा आणि इतका प्रामाणिक होता, की तो टाळणे शिक्षिकेला शोभले नसते. आम्ही तिघांनी मिळून थोडा अभ्यास केला आणि तो मोबाइल तपासला. मोबाइलचे आंतरजालावरचे दोन पत्ते असतात, एक जुन्या पद्धतीचा आणि एक नव्या. व्हीपीएन चालू केल्यावर जुन्या पद्धतीचा पत्ता परदेशी दिसू लागला. नव्या पद्धतीचा मात्र पूर्वी होता तसाच, मोबाइल कंपनीच्या नावासह, हैदराबादचाच दिसत राहिला. किल्लीचे चित्र दिमाखात झळकत होते. पण कुलपाची कडी कोयंड्यात गेलीच नव्हती. शिवाय त्या ॲपने संपर्कांची सबंध यादी वाचण्याची परवानगी मागून घेतली होती, ती निराळीच. वडिलांचे काही नुकसान झाले नाही. परंतु मुलगा बराच वेळ खाली मान घालून बसला. त्याने लबाडी केली नव्हती; आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीची हमी त्याने आपल्या बापाला दिली होती.

तेव्हा हे व्हीपीएन म्हणजे आहे तरी काय, ते आधी पाहू. 'व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क' या नावाचा अर्थ आभासी खासगी जाळे. दूर असलेल्या नोकरांना कचेरीच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडता यावे, यासाठी ही युक्ती प्रथम रूढ झाली. आपल्या मोबाइलमधून निघणारा प्रत्येक निरोप सांकेतिक रूपात लखोट्यात बंद होऊन आधी व्हीपीएन कंपनीच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो. तेथे तो लखोटा उघडून निरोप पुढे रवाना होतो. यामुळे वायफायच्या मालकाला वा दूरसंचार कंपनीला फक्त बंद लखोटा दिसतो, आणि पलीकडच्या संकेतस्थळाला आपला पत्ता न दिसता त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. फायदे खरे आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु मराठी वाचकाला सांकेतिक लेखनाचे मर्म वेगळे सांगावयास नको. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि शतकानुशतके ते पंथाबाहेरच्यांना अगम्य राहिले. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि तो दरवाजा अभ्यासकांना खुला झाला. ज्याच्या हाती किल्ली, त्याला ग्रंथ उघडा, हा नियम तेव्हा होता तसाच आजही आहे. व्हीपीएनमध्ये ही किल्ली आपल्याबरोबर त्या कंपनीच्याही हाती असते. आपण कोणकोणत्या दारांशी जातो, हे पूर्वी दूरसंचार कंपनीला दिसत असे, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते. पाहू शकणारा नाहीसा होत नाही; तो बदलतो. नवा पाहणारा जुन्याहून अधिक विश्वासू आहे का, हाच खरा प्रश्न होय.

येथे न्यायाची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजकाल बँकांची आणि बहुतेक नामांकित संस्थांची संकेतस्थळे आपला मजकूर स्वतःच सांकेतिक करून पाठवतात. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' ही अक्षरे असतात, त्यांचा अर्थ हाच. अशा वेळी वायफायच्या मालकाला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे साधारणतः कळू शकते. आत काय लिहिले ते कळत नाही. म्हणून "व्हीपीएन नसेल तर तुमचा सांकेतिक शब्द रस्त्यावर पडलेला आहे," अशी भीती घालणाऱ्या जाहिराती ऐकल्या, की त्यातला निम्मा आवाज विक्रीचा समजावा.

आता कुलूप ओढून कसे पाहावे, ते सांगते. यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि पंधरा मिनिटे पुरतात.

पहिली तपासणी पत्त्याची. व्हीपीएन बंद ठेवून, आपला आयपी पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडावे. पत्ता, कंपनीचे नाव आणि गाव वहीत लिहावे. मग व्हीपीएन चालू करून तेच पुन्हा करावे. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ हे दोन्ही पत्ते बदलले पाहिजेत. आपल्या देशातील मोबाइल जाळ्यांवर नव्या पद्धतीचे पत्ते मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. म्हणून दुसऱ्या पत्त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आमच्या हिशेबनिसांची गळती तेथेच होती.

दुसरी तपासणी डीएनएसची. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्राला हवा असतो अंकांचा पत्ता. तो ज्याच्याकडे विचारला जातो, त्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. समजा, कोणाला कळू नये म्हणून तुम्ही पडदे लावलेल्या रिक्षात बसून गौलीगुड्याहून बेगमबाजारात निघालात; पण प्रत्येक वळणावर डोके बाहेर काढून "अमुक सोनाराचे दुकान कोठे हो?" असे ओरडून विचारू लागलात, तर पडद्यांचा उपयोग काय? डीएनएसची गळती म्हणजे नेमके हेच. 'डीएनएस लीक टेस्ट' या नावाने मिळणारी चाचणी व्हीपीएन चालू असताना करावी. तीत आपल्या नेहमीच्या दूरसंचार कंपनीचे नाव आले, तर पडद्याबाहेरून पत्ता विचारला जात आहे असे समजावे.

तिसरी तपासणी ब्राउझरची. ब्राउझरमधून थेट बोलता यावे, चेहरा दिसावा, यासाठी 'वेबआरटीसी' नावाची सोय असते. या सोयीतून खरा पत्ता बाहेर पडू शकतो, ही गोष्ट २०१५ साली जगभर चर्चिली गेली. हिचीही चाचणी मोफत करता येते.

चौथी तपासणी खंडाची. व्हीपीएन चालू असताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावर यावे, किंवा क्षणभर विमान-स्थिती लावून काढावी. जोडणी तुटून पुन्हा जुळेपर्यंत पत्ता पाहत राहावे. त्या मधल्या काळात खरा पत्ता दिसला, तर दार तेवढा वेळ उघडे राहते असा त्याचा अर्थ. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये व्हीपीएन सतत चालू ठेवण्याची आणि व्हीपीएनशिवायची जोडणी अडवण्याची सोय असते. ती लावून पुन्हा पाहावे. या चारही तपासण्या एकदा करून थांबू नये. मोबाइल बदलला, ॲपची नवी आवृत्ती आली, की त्या पुन्हा कराव्यात.

"एवढे केले की झाले ना, बाई?" असे माझ्या विद्यार्थ्याने विचारले. झाले नाही, आणि हे सांगायला आमच्या वस्तीचे नावच पुरेसे आहे. गौलीगुड्याच्या नावातच गवळी आहे. दुधात पाणी आहे का, हे पाहण्यासाठी दुधात एक काचेची नळी सोडतात. दूध पातळ असेल तर ती अधिक बुडते. परंतु कोणी आधी साय काढून घेतली आणि मग पाणी घातले, तर तीच नळी पुन्हा योग्य खुणेवर उभी राहू शकते! चाचणी खोटी नसते. ती एकच गोष्ट सांगते. व्हीपीएनच्या चाचण्याही तशाच. पत्ता बाहेर गळतो का, हे त्या सांगतील. सर्व्हरवर बसलेला माणूस आपल्या येण्याजाण्याची नोंद लिहून ठेवतो का, हे जगातील कोणतीही चाचणी मोबाइलवरून सांगू शकत नाही.

याला इतिहासाचा दाखला आहे. २०१३ साली फेसबुकने ओनाव्हो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे 'ओनाव्हो प्रोटेक्ट' हे मोफत व्हीपीएन संरक्षणाच्या नावाने दिले जात असे. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप्स किती वापरतात ही माहिती त्यातून फेसबुकच्या कामी येत होती. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून काढावे लागले आणि २०१९ मध्ये बंद झाले. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने या प्रकरणी दोन उपकंपन्यांना प्रत्येकी १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०२० च्या जुलैत, "आम्ही कसल्याही नोंदी ठेवत नाही" असे सांगणाऱ्या काही मोफत सेवांच्या नोंदीच उघड्यावर पडलेल्या आढळल्या. त्याआधी, २०१६ साली, ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी इतरांसह २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲप्स तपासली, तेव्हा १८ टक्के ॲप्स मजकूर सांकेतिक करतच नव्हती आणि ८४ टक्क्यांतून नव्या पद्धतीच्या पत्त्याची गळती होत होती.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनच्या पोलिसांनी मुलव्हाड या व्हीपीएन कंपनीच्या कचेरीची झडती घेण्याचे ठरवले. पण ग्राहकांची माहिती साठवलेलीच नसल्याने ते रिकाम्या हाताने परतले. तेव्हा प्रामाणिक दुकानदार जगात आहेत. मात्र त्यांना ओळखण्याचा मार्ग जाहिरात हा नव्हे. कंपनीचा मालक कोण, तिचे उत्पन्न कशातून येते, तिच्या कारभाराची त्रयस्थाने तपासणी केली आहे का आणि तो अहवाल छापला आहे का, एवढे प्रश्न विचारावेत. जो फुकट दूध वाटतो त्याला त्याचे पैसे कोठून तरी मिळत असतात, इतका हिशेब आपल्या आजीलाही कळत असे.

आपल्या देशातील कायदाही ठाऊक असावा. व्हीपीएन वापरणे हा मुळात गुन्हा नाही. मात्र त्याच्या आड केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने काही काळापुरती व्हीपीएनवर बंदीही घातली होती. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी एक आदेश काढला. त्यानुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि वापराचे कारण यांची नोंद किमान ५ वर्षे ठेवावी लागते. हा नियम २५ सप्टेंबर २०२२ पासून व्हीपीएन कंपन्यांना लागू झाला, आणि त्याच वर्षी एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातील सर्व्हर हलवले. गुन्हेगार सापडावेत ही सरकारची इच्छा योग्य आहे. परंतु निरपराध माणसाच्या नोंदींचा एवढा साठा कोठेतरी पडून राहावा, हे मला धोक्याचे वाटते. साठा असला की चोराला वाट सापडते.

"आम्हाला लपवायचे काहीच नाही, मग ही उठाठेव कशाला?" असे पुष्कळ सज्जन पालक विचारतात. त्यांना माझे नम्र उत्तर असे, की पोस्टकार्ड स्वस्त असूनही आपले वाडवडील काही पत्रे बंद पाकिटातून पाठवत, ते काही कटकारस्थान करत होते म्हणून नव्हे. मुलीच्या स्थळाविषयी, आजारपणाविषयी, घरच्या अडचणीविषयी लिहायचे तर पाकीट हवे, ही साधी मर्यादा होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखाने निर्णय दिला. त्या पाकिटाचा मान राज्यघटनेने राखला आहे, असे मी समजते.

विद्यार्थ्यांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. व्हीपीएन म्हणजे अदृश्य करणारा जादूचा अंगरखा नव्हे. तुम्ही आपल्या नावाने एखाद्या खात्यात शिरलात, तर त्या खात्याला तुम्ही कोण हे कळणारच. जीपीएसला परवानगी दिली असेल, तर तुमचे ठिकाण कळणारच. फसव्या दुव्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने सांकेतिक शब्द लिहून दिलात, तर तो चोराकडे अत्यंत सुरक्षितपणे पोहोचेल, इतकेच! आणि आधार कार्डाचे छायाचित्र अनोळखी मध्यस्थाला पाठवले, तर वाटेत कोणी पाहिले नाही याचे समाधान काय कामाचे? वाट झाकली होती. पण ज्याच्या हाती दिले तोच कोण, हे आपण विचारले नव्हते. त्या हिशेबनिसांचा खरा धोका तेथे होता, आणि त्याला कोणतेही व्हीपीएन पुरे पडले नसते. पैशांची फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आज कितीतरी घरांत मुलगा किंवा मुलगी हेच मोबाइलचे जाणकार असतात. आईवडील, आजीआजोबा त्यांच्या शब्दावर विसंबून बोट टेकवतात. हा विश्वास फार मोठा आहे, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही मोठी आहे. "सुरक्षित आहे, बाबा," हे तीन शब्द उच्चारण्यापूर्वी आपण स्वतः काय तपासले, हे मुलांनी आठवावे. तपासले नसेल, तर "मला ठाऊक नाही, आपण मिळून पाहू," असे म्हणण्यात कमीपणा नाही. माझ्या मते शिक्षणाची खरी सुरुवात त्या वाक्यापासून होते. पालकांनीही मुलाने असे म्हटल्यास त्याला अडाणी समजू नये; उलट त्याची पाठ थोपटावी.

त्या विद्यार्थ्याने पुढे ते ॲप काढून टाकले, दिलेल्या परवानग्या परत घेतल्या, आणि एका वहीत चारही तपासण्या क्रमाने लिहून ती वडिलांच्या दुकानात ठेवली. आता शेजारचे दुकानदारही ती मागून नेतात, असे तो परवा सांगत होता. सुट्टीत आपणही आपल्या घरी अशी एक वही करावी. एका संध्याकाळी आईवडिलांना शेजारी बसवावे, मोबाइल हाती घ्यावा, आणि कुलूप ओढून पाहावे.